तांब्यावरचा पेला

लातूर,
२८ नोव्हेंबर १९९३

ती. सौ. शिवानी अक्का हिस,
मल्लूचा शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र दिवाळीनंतर लगेच आलं आणि मी उत्तर आत्ता लिहून राहिलो. कारण विचारू नकोस. कारण सांगायला बसलो की दाजी ते मोठ्यानं वाचून दाखवतात आणि हसतात.

इकडं सगळे ठीक. अप्पांनी दुकान उघडलं. घराच्या मागच्या भिंतीची चीर सिमेंटनं बुजवली, तरी झोपणं अजून अंगणातल्या पत्र्याच्या खोपीत. सगळी गल्लीच बाहेर झोपते, त्यामुळं रात्री आठपर्यंत कुणाच्या घरी काय भाजी झाली ते सगळ्यांना ठाऊक असतं. अव्वाचे गुडघे थंडीनं धरलेत. तिला लोकरीचे मोजे पाठव.

आता तुझा खरा प्रश्न, वीरूचा. भूकंपात पडलेल्या मामाच्या घरातून काढलं त्या दिवसापासून वीरण्णा छताखाली गेला न्हाई तो न्हाईच. पत्र्याच्या खोपीतसुद्धा येत नाही. लिंबाखाली बाज टाकतो. बाजेपाशी तांब्या, तांब्याच्या तोंडावर पेला उपडा ठेवलेला. जमीन हलली की पेला पडेल, वाजेल, आणि मग उठून मोकळ्यात पळायचं. ही आता लातुरात घरोघरची रीत झालीय, पण लोक रात्रीपुरतं करतात, आपला भाऊ दिवसाही करतो. पेला मामीचा आहे. उमाबाई असं नाव कोरलेलं. त्या घरातनं तेवढाच धड निघाला.

क्लासचं म्हणशील तर तिथं तो जातो. लातुरात आता क्लासच क्लास झालेत. आपल्या गल्लीच्या टोकाला पिठाची गिरणी होती ना, तिथं फिजिक्स शिकवून राहिलेत. बायोलॉजीवाल्या सरांनी भूकंपानंतर मैदानात मांडव टाकून कर्णा लावलाय. चारशे पोरं खाली बसतात आणि बेडकाची आतडी सगळ्या पेठेला ऐकू येतात. मांडव उघडा, म्हणून वीरू बसतो. पण त्यांचा दुसऱ्या मजल्यावरचा नवा हॉल तयार होऊन राहिला. मांडव निघाला की काय करायचं, हा अप्पांचा घोर आहे. मार्चात बारावीची परीक्षा उघड्यावर घेणार नाहीत.

एकच जागा आहे जिथं तो डोक्यावर आडवं लाकूड चालवून घेतो. फुटबॉलचा गोल. तिथं मात्र तासतास उभा राहतो. दाजींच्या गोदा-मांजरा साखळीत यंदा आमचं कॉलेज आहे, सहा कॉलेजांत सगळ्यात लहान. पोरं तेरा आणि धड बूट त्याहून कमी. पण वीरू गोलीला आहे, म्हणून उदगीरला बरोबरी केली आणि देगलूरला चक्क हरवलं. मी प्रत्येक सामन्याला जातो. माझं काम एकच, गोलाच्या मागं बसून तांब्या-पेल्यावर नजर ठेवायची. मी बघून राहिलो म्हणजे त्याला मागं वळून बघावं लागत नाही. आयुष्यात पहिल्यांदा कुणी मला बसायचं काम दिलंय.

उदगीरहून येताना बाजाची पेटी दुरुस्त करणारा एक म्हातारा भेटला, आतले सूर काढून वाळत घातल्यासारखे कापडावर मांडतो. त्याच्यापाशी बसलो आणि शेवटची गाडी गेली. ते पुन्हा कधीतरी.

दाजींना नमस्कार, पोरांना मुका. लोभ तर तुझा आहेच, तो मोज्यांच्या पुड्यात घालून पाठव.

तुझा,
मल्लिनाथ


नांदेड,
६ डिसेंबर १९९३

चि. मल्लिनाथ यास,
अक्काचे अ. उ. आ. वि. वि.

मोजे पाठवले आहेत. अव्वाला सांग, पायात घालायचे आहेत, पेटीत जपून ठेवायचे नाहीत.

तुझं पत्र यांनी मोठ्यानं वाचलंच. पेटीवाल्यापर्यंत आल्यावर म्हणाले की मेव्हणा एक दिवस असाच कुठंतरी उतरेल आणि तिथंच लग्न करून राहील. मी म्हटलं, राहू दे, पण कुठं ते कळवू दे.

मल्लू, मी फुटबॉलमधलं काही जाणत नाही. आमच्या घरात साखळीशिवाय दुसरा विषय नाही, तरी माझ्या डोक्यात शिरत नाही. हे चिटणीस म्हणून सहा कॉलेजांचे गुण भिंतीवर खडूनं लिहितात आणि मी पुसते. मला एवढंच कळतं की वीरू दसऱ्याला आला नाही, दिवाळीत भाऊबीजेला आला नाही. आमचं घर तळमजल्यावर आणि वर दोन मजले, म्हणून नाही आला हे मी समजते. पण ओवाळायचं ताट मी संध्याकाळपर्यंत झाकून ठेवलं होतं.

एकोणीस तारखेला तुमचा सामना इथं नांदेडला आहे. त्याला घरी आण. जबरदस्ती करू नकोस. दारातून हाक मार, आला तर आला.

अप्पांना सांग, वीरूला परीक्षेवरून बोलू नका. ते ऐकणार नाहीत, तरी सांग.

यांचे आशीर्वाद. तब्येत सांभाळ, आणि गाडीतून उतरण्याआधी गाव आपलंच आहे ना ते बघत जा.

तुझी,
अक्का


लातूर,
२२ डिसेंबर १९९३

ती. अक्का हिस,
शि. सा. न. तर आहेच, यावेळी नाक घासून.

त्या दिवशी तुझ्याकडं चहा प्यायलो आणि सामन्यात काय झालं ते बोललो नाही, कारण दाजी समोर होते आणि हसू दाबून बसले होते. वीरू बाहेर ऑटोत बसून राहिला. तू डबा घेऊन ऑटोपाशी आलीस, त्याच्या डोक्यावरून हात फिरवलास, तो मान खाली घालून डबा धरून बसला. त्याला राग नव्हता आला, लाज वाटत होती. का ते आता ऐक.

सामना एक-एक असा बरोबरीत. शेवटची काही मिनिटं. बरोबरी राहिली तर भोकरला मागं टाकून आमचा चौथा नंबर पक्का, म्हणजे उपांत्य फेरी. हे दाजींच्या खडूला विचार. मी गोलाच्या मागं, माझ्या पुढ्यात तांब्या-पेला. तुमचं ते मैदान रेल्वेच्या लायनीला लागून आहे हे आम्हाला कुणी सांगितलं न्हाई. मालगाडी आली. कोळशाची असावी, संपता संपेना. जमीन थरथरली, पेला सरकला आणि खण्णकन पडला.

अक्का, वीरूनं पळा म्हणून जी आरोळी ठोकली! आणि पळाला सरळ मैदानाच्या मधोमध. त्याच्यामागं आमचे दोन्ही बॅक, त्यांच्यामागं बाहेर बसलेली राखीव पोरं, आणि मीसुद्धा. आम्ही मोकळ्यातच होतो, तरी मोकळ्याकडं पळालो. तुमच्याकडचा तो उंच सरदारजीचा पोरगा चेंडू पायाशी घेऊन उभा. त्याला वाटलं आमचा काहीतरी डाव आहे. इकडं बघितलं, तिकडं बघितलं, आणि मग चालत जाऊन चेंडू गोलात ठेवून आला.

पंचांनी गोल दिला. नियमानं बरोबरच. नांदेडवाले एवढे हसले की काहीजण खाली बसले. लातूरचं कुणी हसलं न्हाई. वीरू चालत परत आला, पेला उचलला, फुंकर मारली, पुन्हा तांब्यावर ठेवला आणि गोलात जाऊन उभा राहिला. सामना संपेपर्यंत तसाच.

पोरं त्याला काही बोलली नाहीत, कारण ती पण पळाली होती. पण ते कर्णधार पोरगं एसटीत भोकरपर्यंतचे गुण बोटांवर मोजत बसलं होतं. आता सगळं सव्वीसच्या भोकर-अहमदपूर सामन्यावर. भोकर जिंकलं की आमची साखळी संपली, मग वीरूला घराबाहेर काढणारं दुसरं काहीच उरत न्हाई. गेल्या दोन दिवसांत तो मैदानावर गेलेला नाही. बाजेवर पडून लिंबाकडं बघतो.

मोजे अव्वानं पेटीत ठेवले.

तुझा पळपुटा,
मल्लू


नांदेड,
२८ डिसेंबर १९९३

चि. मल्लू यास,
अ. उ. आ.

आधी आनंदाचं. परवा अहमदपूरला भोकरची बरोबरी झाली. त्यांचे गुण आणि तुमचे सारखे, आणि गोलफरकानं तुम्ही वर, असं यांनी मला दोनदा समजावलं. मी मान डोलावली. तर तुम्ही उपांत्य फेरीत आहात आणि सामना इथंच, आमच्या कॉलेजाबरोबर, त्याच मैदानावर, तेरा जानेवारीला. त्या दिवशी भोगी आहे. मी बाजरीच्या भाकरी आणि भोगीची भाजी करणार आहे, हे वीरूला सांग.

आता दुसरं. साखळीचा नियम आहे की ज्यानं सहामाही परीक्षा दिली नाही त्याला बाद फेरीत खेळता येत नाही. तुमची सहामाही भूकंपामुळं जानेवारीत गेली आहे ना? वीरूनं ती हॉलमध्ये बसून द्यायला हवी. नाहीतर गोलीला दुसरा मुलगा.

हे कळल्यावर मी यांच्याशी सकाळपासून बोलले नाही. दुपारी म्हटलं की नियम तुम्हीच लिहिला, तुम्हीच खोडा, भिंतीवरचं खोडता तसा. तर म्हणाले, आमच्याच कॉलेजची पोरं वर्षभर वर्गात न बसता खेळायची म्हणून हा नियम केला, गेल्या वर्षी आमचेच तिघं त्यात घरी बसले, आता मेव्हण्यासाठी खोडला तर त्या तिघांच्या बापांना काय सांगू. मला उत्तर सुचलं नाही, म्हणून अजून बोलत नाही. खाली त्यांनी स्वतः लिहिलं आहे.

मल्लिनाथ, नमस्कार. तुम्हाला माझा राग आला असेल. वीरण्णासारखा गोली सहा कॉलेजांत नाही आणि तो नसला तर आमची पोरं सहज जिंकतील, हे मला कळतं. म्हणूनच मला नियम वाकवता येत नाही, आणि तो खेळावा असं मनापासून वाटतं. पेपर चार आहेत. एक तरी देऊन बघू द्या. — हणमंतराव

बघ काय जमतं ते. मी रोज दिवा लावताना तुमच्या कॉलेजच्या छतासाठी हात जोडते. छतासाठी कुणी हात जोडले असतील का कधी?

तुझी,
अक्का


लातूर,
९ जानेवारी १९९४

ती. अक्का हिस,
शि. सा. न. वि. वि., आणि दाजींशी बोलायला लाग.

तुझं पत्र आलं तेव्हा मी दाजींना काय काय लिहिलं होतं ते फाडून टाकलंय. चांगला कागद होता.

वीरूला नियम सांगितला. क्लासचा मांडव त्याच आठवड्यात निघाला. सगळी पोरं वर हॉलमध्ये, हा खाली रस्त्यावर खिडकीकडं मान करून. वरून आवाज पोचत न्हाई. वर पोरं हसली की हा विचारायचा, काय झालं असेल. अप्पा दुकानातून जाताना त्याला तसं उभं बघून आले आणि त्या दिवशी जेवले नाहीत. बोलले मात्र काही न्हाईत, तुझा निरोप पोचला म्हणायचा.

सोमवारी पहिला पेपर. सकाळी बघतो तर वीरू आंघोळ करून, भस्म लावून तयार. एका हातात पॅड, एका हातात तांब्या-पेला. मी म्हटलं चल.

हॉल तळमजल्यावर, पण वर स्लॅब. दाराशेजारचा बाक मागितला, मिळाला. बाकावर त्यानं तांब्या मांडला, वर पेला. पर्यवेक्षक बाईंनी आधी पेला उचलून बघितला, मग तांब्यात पार मनगटापर्यंत हात घालून चिठ्ठ्या शोधल्या. पाण्याशिवाय काही नव्हतं. बाई हात झटकत गेल्या. आमची सगळी टीम, ज्यांचा पेपर न्हाई तीसुद्धा, बाहेर व्हरांड्यात उभी. कुणी पळत आलं, टाचा आपटल्या, की कर्णधार त्याला धरून चवड्यावर चालायला लावायचा. एका प्राध्यापकालासुद्धा लावलं.

मी दारातून त्याचा चेहरा बघत होतो. पहिला अर्धा तास त्यानं प्रश्न वाचलाच न्हाई, पेला वाचत होता. मग लिहायला लागला. बरं चाललंय म्हणेस्तोवर शिपायानं शेजारच्या खोलीत बाक पाडला. पेला खण्णकन खाली. अख्खा हॉल उठला, निम्मी पोरं बाहेर, आणि सगळ्यात पुढं त्या बाई. वीरू माझ्या अंगावरून उडी मारून थेट झेंड्याच्या कट्ट्यापर्यंत. हातात प्रश्नपत्रिका तशीच.

मला वाटलं, संपलं. आता हा लिंबाखाली जाणार.

कट्ट्यापाशी तो थांबला. बाईंना धाप लागली होती, त्या त्याच्याशेजारीच उभ्या होत्या. त्यांनी त्याला विचारलं म्हणे की बाळा, तुझं गाव कुठलं. यानं मामाचं गाव सांगितलं. बाई त्याच्याबरोबर चालत हॉलपर्यंत आल्या आणि दारात थांबून म्हणाल्या की आधी तू जा, मी तुझ्यामागं येते. तो आत गेला, अक्का. पेला उचलला, तांब्यावर ठेवला, बसला आणि लिहायला लागला.

पुढचे तीन पेपरही दिले. बायोलॉजीत काय लिहिलं विचारलं तर म्हणतो, खिडकीतून ऐकू आलं तेवढं. नियमात पास व्हायचं लिहिलेलं न्हाई ना? दाजींना हळूच विचार.

परवा वेळाअमावस्या. मळ्यात जेवायला सगळी गल्ली जाणार. सगळ्यांनी उघड्यावर जेवायचा दिवस, वीरू नव्या बैलासारखा खूश आहे. तेराला सकाळच्या गाडीनं टीम निघते. मी बरोबर आहेच. गोलाच्या मागं बसायचंय.

तुझा,
मल्लू


माळेगाव यात्रा,
१४ जानेवारी १९९४

ती. अक्का हिस,
साष्टांग. यावेळी खरोखरचा, आडवा पडून.

मला शिव्या देशील, त्या दे. झालं असं की गाडी माळेगावात चहाला थांबली. खंडोबाची यात्रा भरलेली. तू लहानपणी आली होतीस, आठवतं? या वर्षी उंट आलेत. मी पाच मिनिटांसाठी घोडेबाजारात गेलो. एक माणूस घोड्याचे दात बघून वय सांगत होता आणि दुसरा त्याच्याशी भांडत होता की तोच घोडा त्यानं गेल्या वर्षी याहून म्हातारा बघितलाय. कोण खरं ते ऐकायला थांबलो. परत आलो तर गाडी न्हाई. पोरांनी वाट बघितली म्हणे, कंडक्टरनं बघितली न्हाई. पुढच्या सगळ्या गाड्या यात्रेनं भरलेल्या, टपावरसुद्धा जागा न्हाई. आज इथंच बसवंत म्हणून एका घोंगडीवाल्याच्या पालात पडलोय.

सामन्याचं काय झालं? इथं पन्नास जणांना विचारलं. सगळ्यांना घोड्यांचे भाव माहीत, गोल कुणाला माहीत न्हाई. पेल्यापाशी कोण बसलं? एवढं लातूरच्या पत्त्यावर कळव. मी उद्या तिकडं जातो. नक्की जातो.

तिळगूळ घे. तोंडानं कितीही कडू बोल, मी ऐकून घेईन.

मल्लू


नांदेड,
१७ जानेवारी १९९४

चि. मल्लिनाथ यास,
आशीर्वाद देते, सवयीनं.

तर यावेळी सामन्याचं पत्र मी लिहायचं आणि तू वाचायचं. देवानं तुला चांगला धडा दिला आणि शिक्षा मला.

गुरुवारी भाजी चुलीवर ठेवली होती तोवर तुमचा कर्णधार धावत घरी आला. म्हणाला, ताई, मल्लूदादा माळेगावात उतरला, वीरण्णा गोलात उभा राहायला तयार नाही, त्याच्या घरचं कुणी मागं बसल्याशिवाय. मी शेजारणीला भाजीकडं बघायला सांगितलं आणि तशीच गेले. सगळं नांदेड मैदानावर. चिटणिसांची बायको पाहुण्यांच्या गोलामागं पदर खोचून मातीत बसली, समोर तांब्या-पेला. हे पलीकडच्या मंडपातून बघत होते. चष्मा काढून पुसला आणि पुन्हा बघितलं.

खेळाचं मला जेवढं कळलं तेवढं सांगते. चेंडू बराच वेळ आमच्याच बाजूला होता, म्हणजे वीरूच्या. तो आडवा पडायचा, उठायचा, पुन्हा पडायचा. इतकं कपडे मळवणारं काम मी पाहिलं नाही. मध्यांतरानंतर मालगाडी आली. मला लांबूनच दिसली, कारण मी लायनीकडं तोंड करून बसले होते. जमिनीतून ती माझ्या गुडघ्यात आली. पेला सरकायला लागला आणि मी त्यावर तळहात दाबून धरला. गाडी जाईपर्यंत धरला. वीरूनं मागं बघितलं नाही. तुमचे दोन्ही बॅक मात्र दोनदा बघून गेले.

पेला वाजला नाही, तरी तुम्ही हरलात. शेवटी शेवटी त्याच सरदारजीच्या मुलानं डोक्यानं मारला, वीरूच्या बोटांना लागून आत गेला. एक शून्य. तो मुलगा नंतर येऊन वीरूला म्हणाला की मागच्या वेळचा गोल त्याला अजून पचलेला नाही, हा पचेल. दोघं हसले. वीरूला हसताना मी भूकंपानंतर पहिल्यांदा पाहिलं.

मी त्याला सांगून टाकलं की गाडी आली तेव्हा मी पेला धरला होता, फसवलं तुला. तर म्हणाला, अक्का, गाडी मला पायाला कळली होती, आणि तू धरणार हेही ठाऊक होतं, तुला लहानपणापासून भांडं पडलेलं चालत नाही.

तांब्या-पेला माझ्याच पिशवीत होता. मी चालत राहिले. तो पिशवीमागं घरापर्यंत आला. जेवला अंगणात पायरीवर बसून, पाच भाकरी. झोपला अंगणात. हेही रात्री दोनदा पांघरूण बघायला उठले.

संक्रांतीला दुपारी तिळगूळ झाला, बायका येऊन गेल्या. बघते तर वीरू आत, दाराजवळच्या सतरंजीवर, उशाशी तांब्यावर पेला मांडून गाढ झोपलेला. वर दोन मजले. मी पोरांना तोंडावर बोट ठेवून बसवलं. हे पेपर वाचत होते, पान उलटायचं थांबले.

आणि मग तीनची मालगाडी आली. ही गाडी आमच्या घरामागून रोज जाते, मल्लू. लग्न होऊन आले तेव्हापासून जाते, आम्हाला ऐकूही येत नाही. पण पेला खण्णकन पडला आणि मी दोन्ही पोरांना काखेत मारून गल्लीत. माझ्या आधी हे, एका पायात चप्पल. आम्हाला बघून वरच्या मजल्यावरचे उतरले. सगळी गल्ली बाहेर.

वीरू आलाच नाही. मी ओरडले, हे ओरडले. शेवटी दारात जाऊन बघितलं तर तो तसाच पडलेला. कूस बदलली, डोळे न उघडता म्हणाला की गाडी आहे, आत या, आणि पुन्हा घोरायला लागला.

शनिवारी टीमबरोबर परत गेला. तांब्या-पेला बरोबर नेला, मार्चात लागेल म्हणाला. जायच्या आधी भाऊबीजेचं राहिलेलं ओवाळून घेतलं, आत, पाटावर बसवून.

तेव्हापासून आमच्या घरात दाराशी यांनी स्वतः एक तांब्या मांडला आहे, वर पेला. रोज तीनला पडतो. हे रोज चप्पल शोधतात.

अव्वाला मोजे घालायला लाव. अप्पांना नमस्कार. तू लातूरला पोचला असशील तर हे तुला मिळेल, नसशील तर घोंगडीवाल्याला आमचा नमस्कार सांग. उन्हाळ्यात ये, वीरूला घेऊन ये. दार उघडंच असतं, आता तर ते लावायला यांची तयारीच नसते.

तुझी,
अक्का